जर्मनीला न गेलेला भाचा

रुक्मिणीनगर, अमरावती
दि. ११ डिसेंबर

ती. महादेवमामांच्या चरणी,

सौमित्रचा नमस्कार. (प्रत्यक्ष भेटलो असतो तर पूर्ण वाकून केला असता. पत्रातून कंबरेला जरा सवलत मिळते.)

आम्ही इकडे दोघेही धडधाकट आहोत, तुम्ही आणि मामीही तसेच असाल असं धरून चालतो. तुमच्या उजव्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? डाव्याचं विचारत नाही, कारण डावा उत्तम आहे हे तुम्ही प्रत्येक फोनवर सांगता. मामींचा खोकला थांबला असेल. अकोल्यात कडाक्याची थंडी पडली असं पेपरात वाचलं, पण अकोल्याच्या थंडीची बातमी मी स्वतः स्वेटर घालून खात्री केल्याशिवाय मानत नाही. साधना रोज सकाळी बडनेऱ्याच्या शाळेत शिकवायला जाते आणि दुपारी येऊन मला शिकवते.

पत्राचं कारण असं की भाऊबीजेला तुम्ही सगळ्यांच्या देखत विचारलंत, "सौमित्र, दिवसभर घरी बसून तू नेमकं करून काय राहिला?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात मामींनी अनारशांचं ताट आणलं आणि तो विषय अनारशांखाली गेला. नंतर मी दोनदा फोन केला. पण तुम्ही तीस वर्षं मुख्याध्यापक होतात, त्यामुळे समोरच्याचं दुसरं वाक्य सुरू झालं की तुमचा हात आपोआप घंटेकडे जातो. दोन्ही वेळा फोन मधेच बंद झाला आणि दुसऱ्या वेळी बंद होण्याआधी "लिहून दे" एवढं ऐकू आलं. म्हणून लिहून देतो.

मामा, मी संगणकातला हमाल आहे. मोठमोठ्या कंपन्यांकडे लाखो लोकांची माहिती जुन्या प्रणालीत पडून असते. ती उचलून नव्या प्रणालीत न्यायची, वाटेत काही सांडू द्यायचं नाही, कोणाची जन्मतारीख दुसऱ्याच्या नावाला चिकटू द्यायची नाही, हे माझं काम. पुण्यात चौदा वर्षं नोकरीत राहून हेच केलं. चार वर्षांपूर्वी इकडे परत आलो, तेव्हापासून सुटा हमाल आहे. सहा महिने ह्या कंपनीचं सामान, आठ महिने त्या कंपनीचं. याला कॉन्ट्रॅक्टर म्हणतात. (शेजारचे खुशालराव तीन वर्षं मला रस्ते बांधणारा कॉन्ट्रॅक्टर समजत होते. गल्लीतल्या खड्ड्याबद्दल त्यांनी दोनदा माझ्याकडे तक्रार केली, आणि मी दोन्ही वेळा "बघतो" म्हणालो, त्यामुळे त्यांचा समज पक्का झाला.)

आता मोठी कंपनी सुट्या माणसाला दारात उभं करत नाही. मध्ये एजन्सी लागते. बाजार समितीत तूर नेली की मध्ये अडत्या असतो, तसं. फरक एवढाच की अडत्या तुरीला दिवसातून अकरा वेळा फोन करून "आपण तूरच ना?" असं विचारत नाही.

दसऱ्याला माझं जुनं काम संपलं. मी माझं नाव एका वेबसाइटवर नोंदवलं आणि तीन दिवसांत एकतीस फोन आले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, नोटिस पीरियड किती, म्हणजे आहे ती नोकरी सोडायला किती दिवस लागतील. मी म्हणायचो, मी कुठे नोकरीलाच नाही. "ओके सर, मग नोटिस पीरियड?" मी म्हणायचो, शून्य. एकीने विचारलं, "शून्य आठवडे की शून्य महिने?" एका गृहस्थांनी तर मला विजयवाड्याच्या ऑफिसात मुलाखतीला बोलावलं. म्हणाले, तुम्हाला जवळच आहे, तासाभराचा रस्ता. माझ्या लक्षात आलं की त्यांच्या डोक्यात आंध्रातली अमरावती आहे. मी नम्रपणे सांगितलं की आमची अमरावती महाराष्ट्रात आहे. ते म्हणाले, "कधीपासून?"

या सगळ्या गोंधळात एक फोन बरा निघाला. मुलीचा आवाज, इंग्रजी स्वच्छ, नाव रिया, मुक्काम बंगलोर. तिने माझा बायोडेटा खरोखर वाचलेला होता. (हे किती दुर्मिळ आहे ते तुम्हाला कळणार नाही. तुम्ही पेपर तपासायचात तेव्हा सगळे वाचायचात.) एका विमा कंपनीला तीस वर्षांच्या जुन्या पॉलिसीधारकांची माहिती हलवायची होती, काम घरून करायचं होतं, सगळं जणू माझ्या मापाचं शिवलेलं. रियाने फक्त एक अट घातली. या कंपनीकडे तुमचं नाव आमच्यातर्फेच जाईल असं लिहून द्या आणि दुसऱ्या कोणत्याही एजन्सीला होकार देऊ नका. एकच माणूस दोन एजन्स्यांतर्फे गेला तर कंपनी वैतागून त्याला बाजूला ठेवते. हे तिने तीनदा मेल करून बजावलं. मी लिहून दिलं. पुढचे आठ-दहा दिवस ती रोज फोन करून काय झालं ते सांगायची. काहीच झालेलं नसलं तरी फोन करून "काही झालं नाही" हे सांगायची. इतर तीस जणांपैकी एकानेही तेवढं केलं नाही.

मग ती जीप आली.

माझा मित्र गजेंद्र, त्याच्या घराची वास्तुशांत होती दर्यापूरला. मी काळीपिवळीत बसलो. आत मुळात नऊ जणांची जागा, आम्ही चौदा जण. वलगाव मागे पडलं आणि फोन वाजला. चंदन नावाचा मुलगा, नोएडाच्या कुठल्याशा एजन्सीतून, हिंदीत बोलत होता. मला निम्मं ऐकू येत होतं, निम्मं इंजिन खात होतं. त्याच वेळी एका थांब्यावर एक म्हातारे चाचा चढले, हातात संत्र्यांचं हे एवढं पोतं. त्यांनी मला विचारलं, "भाईसाब, इधर रख दूँ क्या?" मी आपल्या अस्सल अमरावतीच्या हिंदीत म्हणालो, "रख दो, रख दो, चाचा. अपनाच समझो. दर्यापूरतक रखो." चाचांनी पोतं माझ्या पायावर ठेवलं, मी "आई गं" म्हणालो, आणि थोड्याच वेळात फोन कटला. मी तो विसरून गेलो. वास्तुशांतीला जेवण फार चांगलं होतं, हेही विसरण्याचं एक कारण.

चार दिवसांनी रियाचा फोन आला. सुरुवात इंग्रजीतच केली, पण नमस्कार वगैरे काही नाही. माझं नाव त्या विमा कंपनीकडे दुसऱ्या एजन्सीतर्फेही गेलं होतं आणि कंपनीने मला बाजूला ठेवलं होतं. मी म्हणालो, शक्यच नाही. ती म्हणाली, त्यांच्याकडे तुमच्या होकाराचं रेकॉर्डिंग आहे. मी पुन्हा शक्यच नाही म्हणालो. आणि मग मामा, त्या पोरीचं इंग्रजी संपलं.

"कावून केलं सर तुमी असं? मी तुमाले तीनदा सांगतलं होतं ना, दुसऱ्या कोणाले हो म्हनू नका म्हनून!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मी म्हणालो, "तू कुठली आहेस गं?"

"बंगलोर, सर," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

"बंगलोरात कावून म्हणत नाहीत."

मग ती रडली, आणि रडता रडता हसली. तिचं नाव रागिणी. घर दर्यापूरजवळच्या खेड्यात, शेतीचं घर. शिकायला अकोल्याला आली ती तिथेच राहिली, जठारपेठेत मावशीकडे. मावशीच्या वरच्या खोलीत टेबल टाकून दिवसभर बंगलोरहून बोलायची. एजन्सीने नाव बदलून रिया ठेवलं होतं, कारण रागिणी म्हटलं की गाव विचारतात आणि गाव सांगितलं की लोक फोन ठेवतात, असं तिच्या साहेबांचं मत. तीन महिन्यांत तिने पाठवलेला एकही माणूस कुठे रुजू झाला नव्हता. हा शेवटचा महिना. या महिन्यातही कोणी झाला नाही तर काम बंद, असं तिला सांगितलेलं होतं. आणि तिच्या यादीत काम जमण्याची खरी शक्यता असलेला माणूस एकच होता. त्या माणसाने जीपमध्ये बसून काय उद्योग केले ते तुम्ही वर वाचलंच.

मला इतकी लाज वाटली की मी चंदनला फोन करून चांगला झापायचं ठरवलं. पण तो मुलगा गयावया करायला लागला. म्हणाला, सर, मी विचारलं, "आपका प्रोफाइल आगे रख दूँ?" आणि तुम्ही म्हणालात, रख दो, अपनाच समझो. एवढ्या प्रेमाने मला आजपर्यंत कोणीही होकार दिलेला नाही. (खरं सांगतो, हे ऐकून माझा निम्मा राग तिथेच गेला.)

शेवटी विमा कंपनीने सगळ्यांना एका ऑनलाइन बैठकीत बोलावलं. कंपनीतर्फे जुईलीमॅडम होत्या, पुण्याच्या, बोलणं अगदी मोजून. एका चौकटीत चंदन, एका चौकटीत रिया (म्हणजे रागिणी, मागे कुठल्याशा उंच इमारतीचं चित्र लावून), एका चौकटीत मी इस्त्रीचा शर्ट घालून. जुईलीमॅडमनी रेकॉर्डिंग लावलं. आधी इंजिनाची घरघर. मग चंदनचा प्रश्न. मग, मामा, माझ्या पुण्याईने, चाचांचा खणखणीत आवाज, "भाईसाब, इधर रख दूँ क्या?" मग माझं ते भरघोस आमंत्रण, मग धप्प, मग "आई गं". आणि शेवटी चाचा म्हणाले, "लगा क्या? संतरे हैं, पत्थर थोडेच हैं."

जुईलीमॅडमनी आपला कॅमेरा बंद केला. दोन मिनिटांनी चालू केला तेव्हा त्यांचा चेहरा सरळ होता, पण डोळे पुसलेले दिसत होते. त्या म्हणाल्या, हा होकार पोत्यासाठी होता असं मी नोंदवते. चंदनही भला माणूस. म्हणाला, ठीक आहे मॅडम, मी नाव मागे घेतो, माझं या महिन्याचं काम झालेलं आहे, या मॅडमचं राहिलेलं दिसतंय. त्याला हे कसं कळलं कोण जाणे. एकाच धंद्यातल्या माणसांना बहुतेक आवाजावरून कळत असावं.

मुलाखत दोन दिवसांनी ठरली. दुसऱ्या दिवशी सकाळी साधना शाळेत निघायच्या गडबडीत होती, तेवढ्यात रागिणीचा फोन. या वेळी स्वतःच्या नंबरवरून.

"सर, रागवू नका. तुमच्या बायोडेट्यात मी एक लाइन टाकली. साहेबांनी टाकाच म्हटलं, मंग मले टाका लागली."

"कोणती लाइन?"

"तुमी तीन वर्षं जर्मनीत होते."

मामा, जर्मनी! माझा पासपोर्ट नागपूरहून पोस्टाने घरी आला, हा त्या पासपोर्टाच्या आयुष्यातला एकमेव प्रवास. मी तिला वाटेल ते बोललो. ती ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली, "मी सांगतलं नसतं तं तुमी तिथं फसले असते. म्हनून सांगतलं. आता तुमाले जे बरं वाटन ते करा. माह्यासाठी काही करू नका." आणि फोन ठेवला.

आता मी तुमचा भाचा आहे, तुमच्या शाळेत शिकलो आहे, तेव्हा मी ताबडतोब सत्याची बाजू घेतली असेल असं तुम्हाला वाटेल. तसं नाही झालं. खरं सांगितलं तर मी जातो आणि माझ्यामागे ती पोरगी जाते, हे मला लख्ख दिसत होतं. दिवसभर मी जर्मनीतल्या एका शहराची माहिती पाठ केली. तिथल्या नदीचं नाव, ट्रामचे नंबर, बर्फ कधी पडतो. संध्याकाळी साधनेसमोर तालीम केली. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "नदी चांगली झाली. पण तू खोटं बोलताना डावा डोळा मिचकावतोस. कॅमेऱ्यात तोच एवढा मोठा दिसेल." माझ्या प्रामाणिकपणात त्या डोळ्याचा वाटा किती आणि तुमच्या शिकवणुकीचा किती, ते मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

मुलाखतीत जुईलीमॅडमचा दुसराच प्रश्न होता, "जर्मनीत कुठे होतात?" मी डोळा उघडा ठेवून म्हणालो, "मॅडम, मी जर्मनीला गेलेलो नाही. ती ओळ माझी नाही. बाकीच्या सगळ्या माझ्या आहेत." त्या काहीतरी लिहून घेऊ लागल्या. मग मला राहवलं नाही. मी पुढे म्हणालो, ज्या मुलीने माझं नाव पाठवलं तिनेच काल मला हे सांगितलं. तिला तसं लिहायला लावलं होतं. ती प्रामाणिक आहे, तिला दोष देऊ नका. हे बोलताना मला मी फार मोठ्या मनाचा माणूस वाटत होतो. तो वाटलेला मोठेपणा मला आता काट्यासारखा टोचतो, आणि का ते पुढे लिहितो.

जुईलीमॅडमनी मला जुन्या माहितीचा एक गठ्ठा पाठवला आणि दोन दिवसांत हलवून दाखवा म्हणाल्या. त्यात एक गृहस्थ लग्नानंतर आठ वर्षांनी जन्मलेले होते आणि एका बाईंचे वारसदार म्हणून त्यांच्या स्वतःच्याच नावाची नोंद होती. मी सगळ्यांना आपापल्या जागी बसवलं. माझी निवड झाली. एक डिसेंबरला मी रुजू झालो. रागिणीने फोन करून अभिनंदन केलं, "लय बरं वाटलं सर" म्हणाली, आणि घाईत आहे म्हणून ठेवला.

तीन दिवसांनी एका कागदासाठी मी एजन्सीला फोन लावला. "हाय सर, रिया बोलतेय," पलीकडून आवाज आला. आवाज दुसराच. मी म्हणालो, रियांना द्या. "मीच रिया आहे, सर. बंगलोरहून." मागे कुकरची शिट्टी होत होती. ऑफिसातली खुर्ची जशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तसं ते नाव गेलं होतं.

रागिणीचा स्वतःचा नंबर माझ्याकडे होता. लावला. ती गावी होती, आईवडिलांसोबत शेतात, मागे वाऱ्याचा आवाज येत होता. पुष्कळ आढेवेढे घेतल्यावर तिने सांगितलं. विमा कंपनीने एजन्सीला कडक पत्र लिहिलं होतं की तुमच्या बायोडेट्यात खोटी ओळ होती. आणि त्या पत्रात, एजन्सीच्या मुलीने ती ओळ उमेदवाराला आधीच सांगितली होती, हेही लिहिलं होतं. अगदी कौतुकाने लिहिलं होतं म्हणे. साहेबांना खोट्या ओळीचं काही वाटलं नाही. घरातली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून त्यांनी रागिणीला त्याच दिवशी काढलं. मी जे तिच्या भल्यासाठी म्हणून बोललो, त्यानेच ती गेली. मी तसं म्हणालोही.

"नाई सर, तसं नका म्हनू," ती म्हणाली. "तुमी खोटं बोलले असते तं मले जास्त वाईट वाटलं असतं. अन् खरं सांगू का? चार महिन्यांत पहिल्यांदा मी कोणाले तरी कामाले लावलं. मी बाबाले सांगतलं, आपल्या अमरावतीचे सर हायेत, मी लावलं त्यायले." मग वाऱ्यात तिचा आवाज तुटला. मी फोन ठेवला, आणि नेटवर्क गेलं असं साधनेला सांगितलं. डावा डोळा तिने पाहिलाच असेल.

तर मामा, असा माझा सगळा दिवस जातो. मामींना नमस्कार. त्यांच्या खोकल्याला ज्येष्ठमध द्या. तुमच्या दोन्ही गुडघ्यांना, म्हणजे डाव्यालाही, माझा सप्रेम नमस्कार.

तुमचा,
सौमित्र

ता. क. तुम्ही पॉलिटेक्निकच्या संस्थेचे सचिव आहात हे मी कधी कोणाला सांगत नाही, कारण मग लोक कामं सांगतात. पण तुमच्या संस्थेला शिकून निघालेल्या मुलांना नोकरीला लावण्यासाठी एक माणूस हवा आहे, अशी जाहिरात मी पाहिली. एवढं लांबलचक पत्र मी कशासाठी लिहिलं ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल. ही मुलगी त्या जागेसाठी जन्माला आली आहे. बायोडेटा पूर्ण वाचते. काही झालं नाही तरी ते सांगायला फोन करते. एकदा खोटं लिहिलं, आणि नोकरी जाईल हे माहीत असूनही स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. तुमच्या शाळेत तीस वर्षांत असे किती विद्यार्थी निघाले? (मला न धरता.)

ता. क. २. मी तुम्हाला पत्र लिहिलं हे तिला माहीत नाही. मामांकडे शब्द टाकू का असं मी दोनदा विचारलं, पण "ओळखीनं नको सर, माझं मीच करीन" म्हणाली. म्हणून मी फक्त जाहिरात दाखवली. तिने स्वतः अर्ज केला आहे आणि रविवारी सकाळी दहा वाजता ती संस्थेत येणार आहे. तुम्ही तिला ओळखत नाही. माझं नाव काढू नका. सगळे प्रश्न विचारा, अवघडही विचारा, फक्त तिला दुसरं वाक्य पूर्ण करू द्या.

ता. क. ३. सचिवसाहेब स्वभावाने कसे आहेत असं तिने परवा विचारलं. मी म्हणालो, अतिशय शांत, प्रेमळ आणि मितभाषी. आता बोलून गेलो आहे, तेव्हा रविवारी दहा ते साडेदहा कसंही करून निभावून न्या.